लिटरही हवेत, माजही हवा: सोलापूरच्या गोठ्यासाठी कांडी निवडताना

सांगोल्याच्या बाजारात गाईच्या कासेला हात लावायच्या आधीच गिऱ्हाईक विचारतो, "किती लिटरची?" व्यापारी सांगेल त्यातले दोन-तीन लिटर मनातल्या मनात कापायचे आणि सौद्याला बसायचे, ही रीत. मागच्या वेताला व्याल्यावर ती किती दिवसांनी गाभण राहिली, किती वेळा उलटली (भरवूनही गाभण राहिली नाही), हे कोणी विचारत नाही. विचारले तरी उत्तर मिळत नाही, कारण ते कुठे लिहिलेलेच नसते.

दूध आणि गाभण राहणे, दोन्हींचा काही वाटा रक्तातून येतो. तो वाटा किती, हे कळले तर पाच-दहा गाईंच्या गोठ्यातही पुढची पिढी ठरवून घडवता येते. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. एक वही लागते आणि कांडी (वळूच्या गोठवलेल्या वीर्याची नळी) भरण्याआधी डॉक्टरांना दोन-चार प्रश्न विचारायची तयारी लागते.

आधी हिशेब

समजा दोन गाई आहेत. पहिलीने एका वेतात ४,००० लिटर दूध दिले, पण ती उशिरा गाभण राहिली आणि दोन वेतांत १७ महिन्यांचे अंतर पडले. दुसरीने ३,४०० लिटरच दिले, पण १३ महिन्यांनी पुन्हा व्याली. वेताच्या लिटरवर पहिली भारी दिसते. आता दूध दोन वेतांतल्या एकूण दिवसांनी भागा. पहिलीचे ५१७ दिवस, म्हणजे दिवसाला ७.७ लिटर. दुसरीचे ३९५ दिवस, म्हणजे ८.६ लिटर. शिवाय दुसरीकडून वासरेही लवकर मिळतात आणि भाकड काळातला चारा वाचतो.

भाकड गाय काढून टाकणे आपल्याकडे सोपे नाही. गाईच्या कत्तलीवर १९७६ च्या कायद्याने बंदी होतीच, २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. परदेशात न फळणारी गाय गोठ्यातून जाते, इथे ती दावणीलाच राहते आणि खाते. म्हणून गाभण राहण्याकडे आपण त्यांच्याहून जास्त लक्ष द्यायला हवे. प्रत्यक्षात उलटेच चालले आहे.

रक्तातून किती, गोठ्यातून किती

एकाच गोठ्यातल्या गाईंच्या दुधात जो फरक दिसतो, त्यातला साधारण २५ ते ३० टक्के फरक आनुवंशिक असतो. बाकीचा चारा, आजार, हवामान, काळजी यांचा. फॅटच्या टक्केवारीत हा वाटा ५० टक्क्यांच्या आसपास जातो, म्हणून फॅट वळू बघून लवकर बदलता येते. गाभण राहण्याशी निगडित गुणांत मात्र तो बहुतेक वेळा ५ टक्क्यांच्याही खाली असतो.

हा शेवटचा आकडा ऐकून बरेच जण म्हणतात, मग वळू बघायचा कशाला, सगळे व्यवस्थापनच आहे. इथे घोटाळा होतो. वाटा कमी दिसतो तो गोंगाट फार असल्यामुळे. माज रात्री येऊन गेला, रेतन सहा तास उशिरा झाले, खनिजे कमी पडली, एप्रिलचे ऊन होते. या सगळ्यात जनुकांचा आवाज दबून जातो. एका गाईवरून तो ऐकू येत नाही. एकाच वळूच्या शेकडो मुली एकत्र पाहिल्या की स्पष्ट ऐकू येतो, आणि वळूवळूंत चांगलाच फरक निघतो.

याचा धडा अमेरिकेच्या होल्स्टिन (एचएफ) गाईने घालून दिला. १९६० नंतरच्या दशकांत तिथे निवड मुख्यतः दुधावर झाली. दूध प्रचंड वाढले आणि त्याच काळात गाई गाभण राहायला जास्त दिवस घेऊ लागल्या. २००३ पासून तिथे प्रत्येक वळूच्या मुली किती पटकन गाभण राहतात याचा आकडा जाहीर होऊ लागला. त्या मोजपट्टीवर १ टक्का जास्त म्हणजे व्याल्यापासून गाभण राहीपर्यंतचे सुमारे ४ दिवस कमी. पैदाशीच्या निवडीत हा गुण आल्यावर घसरण थांबली आणि हळूहळू उलटलीही. नॉर्वेच्या तांबड्या गाईंच्या कार्यक्रमात तर प्रजननक्षमता १९७० च्या दशकापासूनच निवडीत आहे, आणि ती जात आजही त्यासाठी ओळखली जाते. म्हणजे ५ टक्के आनुवंशिकता असलेला गुणही पिढ्यान्‌पिढ्या निवड केली तर हलतो, आणि दुर्लक्ष केले तरी हलतो. फक्त उलट्या दिशेने.

दूध आणि माज एकमेकांच्या आड का येतात, याचे कारण शरीरात आहे. व्याल्यानंतरचे पहिले दोन-अडीच महिने जास्त दुधाची गाय जेवढे खाते त्याहून जास्त ऊर्जा दुधात ओतते. उरलेली गरज ती अंगावरची चरबी जाळून भागवते. रक्तातले इन्सुलिन उतरते, बीजांड नीट पिकत नाही. शिवाय खाणे जास्त म्हणजे यकृतातून रक्त जास्त फिरते आणि माजाची संप्रेरके लवकर निकामी होतात. म्हणून अशा गाईचा माज काही तासांचाच आणि फिका असतो. मुका माज म्हणून आपण जो सोडून देतो, त्यातला काही हाच.

आता ही गाय सोलापूरच्या गोठ्यात उभी करा. मार्च ते मे पारा चाळिशीच्या पुढे, चाऱ्यात उसाचे वाढे आणि कडबा. वाढ्यांतले ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवते, वाळल्या कडब्यात अ जीवनसत्त्वाचा पूर्वघटक नसल्यातच जमा. जनुके ३० लिटरची आणि गव्हाण १२ लिटरची असली, तर मधला खड्डा गाय स्वतःच्या अंगातून आणि गर्भाशयातून भरते. माझे मत सरळ आहे: तुमच्या गव्हाणीला पेलेल तेवढ्याच दुधाचे रक्त आणा, आणि गव्हाण सुधारेल तसे वर चढा.

वही

पहिले काम हेच, आणि बहुतेक जण इथेच कंटाळतात. प्रत्येक गाईला एक पान. वर कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक, आईचा क्रमांक, बापाचा म्हणजे कांडीवरचा वळू क्रमांक. खाली व्याल्याची तारीख, वार पडली का, पहिला माज, प्रत्येक रेतनाची तारीख, वेळ आणि वळू, गाभण तपासणीचा निकाल, आटवल्याची तारीख. रेतन झाले की रिकामी कांडी पानाला चिकटवून टाका. वळू क्रमांक, जात आणि वीर्य गोळा केल्याची तारीख तिच्यावर छापलेलीच असते. डॉक्टर 'भारत पशुधन' या सरकारी प्रणालीवर नोंद करतात ती करू द्या, पण आपली वही आपल्याकडे असावी.

दूध रोज लिहायची गरज नाही. महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला, सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळचे मोजा. त्याला ३० ने गुणा, महिन्याचा अंदाज मिळतो. असे दहा महिने जोडले की ३०५ दिवसांच्या जवळचा आकडा येतो, आणि जगभर तुलना त्यावरच होते. त्याच दिवशी प्रत्येक गाईचा नमुना वेगळा नेऊन फॅट-एसएनएफ (एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) तपासून घेतले तर उत्तम. दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला बांधलेला असताना, डेअरीवर एकत्र कॅनचा आकडा बघून कोणती गाय फॅट खाली ओढते ते कसे कळणार?

कोणत्या गाईची कालवड ठेवायची

वर्षभराच्या नोंदी झाल्या की तुलना करा, पण सारख्याची सारख्याशी. पहिलारू गाय पूर्ण वाढीच्या गाईच्या सुमारे तीन चतुर्थांशच दूध देते, तिला चौथ्या वेताच्या गाईशेजारी ठेवून नावे ठेवू नका. एप्रिलात व्यालेली आणि सप्टेंबरात व्यालेली, यांचीही तुलना नको.

मग एक छोटे गणित. गोठ्याची सरासरी ३,००० लिटर आणि एक गाय ४,००० ची. तिची १,००० लिटरची आघाडी पूर्ण रक्तातली नाही, साधारण ३० टक्के म्हणजे ३०० लिटरच रक्तातली धरा. त्यातला निम्मा वाटा कालवडीला: १५० लिटर. आता वळू. त्याचे पैदास मूल्य (त्याच्या रक्तातल्या गुणाचा अंदाजी आकडा) सरासरीपेक्षा ६०० लिटर जास्त असेल, तर त्याचाही निम्मा वाटा: ३००. म्हणजे कालवडीकडून ३,४५० ची अपेक्षा. बापाकडून दुप्पट मिळाले, कारण वळूची निवड हजारोंतून झालेली असते आणि तुमची गाय दहांतून. गाईवर लाख रुपये घालणारा माणूस कांडी मात्र मिळेल ती भरून घेतो, हे मला न उलगडलेले कोडे आहे.

प्रजननाबाबत मात्र एका वेतावरून गाईचे रक्त खराब ठरवू नका. दूध एका वेतातून दुसऱ्या वेतात बरेच टिकून राहते, गाभण राहायचे दिवस तसे टिकत नाहीत. सलग दोन-तीन वेते, थंडीतही, आजार नसताना उलटणारी गाय असेल आणि तिची आई-बहीणही तशीच असेल, तर तिची कालवड पैदाशीला ठेवू नये.

टक्केवारी सांभाळा

पन्नास टक्के एचएफ गाईला शुद्ध एचएफची कांडी भरली की कालवड ७५ टक्क्यांची. तिला पुन्हा शुद्ध एचएफ, ८७.५. तिसऱ्या पिढीत दावणीला जवळजवळ होल्स्टिन उभी असते आणि मालकाला वाटत असते आपली गाय संकरितच आहे. गोचीड, ऊन, खुरांचे आजार यांची तक्रार साधारण याच टप्प्यावर सुरू होते.

दुसऱ्या बाजूलाही एक सापळा आहे. पहिल्या संकरातल्या गाईत जो जोम दिसतो, तो दोन वेगळ्या रक्तांच्या मिळणीचा असतो. पन्नास टक्के गाय आणि पन्नास टक्के संकरित वळू यांची कालवड कागदावर पन्नासच, पण तो जोम निम्म्यावर येतो आणि बहिणीबहिणींत फार फरक पडतो. हा जोम दुधापेक्षा प्रजनन, काटकपणा, वासरू जगणे अशा कमी आनुवंशिकतेच्या गुणांतच जास्त दिसतो. म्हणजे निवडीने जे हळू मिळते, ते संकराने पटकन मिळते.

म्हणून तिसरे रक्त आणणे शहाणपणाचे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने 'फुले त्रिवेणी' याच विचाराने घडवली: निम्मे होल्स्टिन, चतुर्थांश जर्सी, चतुर्थांश गीर. तुमच्याकडे ७५ टक्क्यांच्या पुढची एचएफ असेल आणि ती उन्हाळ्यात धापा टाकत असेल, तर पुढची कांडी पन्नास टक्के संकरित वळूची किंवा जर्सीची घ्या. ७५ ची गाय आणि ५० चा वळू, कालवड ६२.५. मुबलक पाणी, मुरघास आणि मुक्त गोठा असेल तर ७५ पेलते. सांगोला-मंगळवेढ्याच्या कोरडवाहू बाजूला मी ५० ते ६२.५ च्या वर जाणार नाही.

खिलार गाईला मात्र एचएफ भरू नका. ती आपल्या मातीतली जात आहे, तिची पैदास तिच्याच चांगल्या वळूपासून व्हावी. आणि दुधाबरोबर नेमाने वेत हवे असेल, तर पंढरपुरी म्हैस विसरू नका. दूध मध्यम, पण चारा साधा असूनही दरवर्षी व्यायच्या सवयीसाठी तिची ख्याती आहे. एचएफच्या झगमगाटात आपण ती मागे टाकली.

कांडी मागताना काय विचारायचे

"एचएफची भरा" एवढेच म्हणून थांबू नका. वळू क्रमांक विचारा आणि त्याची माहिती मागा. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ, बाएफ ही संस्था, महाराष्ट्र पशुधन विकास मंडळ यांच्या केंद्रांवरच्या वळूंची माहिती उपलब्ध असते.

माहितीत काय पाहावे? "आईचे दूध ९,००० लिटर" ही ओळ सगळ्यात ठळक छापलेली असते आणि तुलनेने कमी उपयोगाची असते; आई कोणत्या गोठ्यात, काय खाऊन ९,००० देत होती हे त्यात नसते. मुलींच्या दुधावरून काढलेले पैदास मूल्य जास्त भरवशाचे. पण मुली व्यायची वाट पाहण्यात वळूची पाच-सहा वर्षे जातात, म्हणून आता जनुकीय चाचणीवरून वळू लहान असतानाच अंदाज बांधतात. अमेरिकेत २००९ पासून ते अधिकृत आहे. आपल्याकडे गाईंसाठी 'गौ चिप' आणि म्हशींसाठी 'महिष चिप' यांचे लोकार्पण ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशीमला झाले. मूल्यासोबत विश्वासार्हतेची टक्केवारी दिलेली असेल तर तीही वाचा. कमी विश्वासार्हतेच्या एकाच वळूवर सगळा गोठा भरवू नका, दोन-तीन वळूंत विभागा.

आयात कांडीवर मुलींच्या गाभण राहण्याचा आकडा असतो. तो शून्याच्या वर असलेलाच वळू घ्या, दुधात थोडा मागे असला तरी चालेल. त्या कांडीवरचे दुधाचे आकडे अमेरिकेच्या गव्हाणीवरचे आहेत, तेवढा फरक इथे दिसणार नाही.

फॅट हवे असेल तर वळूच्या मुलींची टक्केवारी स्वतंत्र पाहा, कारण दूध आणि फॅटची टक्केवारी बऱ्याचदा विरुद्ध दिशेला ओढतात. २००२ मध्ये सापडलेले डीगॅट१ हे जनुक त्याचे नेमके उदाहरण: त्याचा एक प्रकार फॅटची टक्केवारी वाढवतो आणि दुधाचे प्रमाण कमी करतो. 'ए२' हा शिक्का मात्र दुधातल्या एका प्रथिनाच्या प्रकाराबद्दल आहे. त्यावरून लिटरही कळत नाहीत, माजही नाही.

आता लपलेल्या दोषांबद्दल, कारण याची चर्चा आपल्याकडे होतच नाही. पॉनी फार्म आर्लिंडा चीफ नावाचा होल्स्टिन वळू अमेरिकेत १९६२ मध्ये जन्मला. त्याच्या वंशाने जगभर दूध वाढवले. त्याच वंशातून एका जनुकातला बिघाडही पसरला. बिघडलेली प्रत एकच असेल तर गाय ठणठणीत. आई आणि बाप दोघांकडून आली तर गर्भ पोटातच मरतो. पन्नास वर्षांनी तो बिघाड हुडकला गेला आणि जगभरात सुमारे ५ लाख गर्भ त्याने गेले असा अंदाज निघाला. शेतकऱ्याला मात्र एवढेच दिसले की गाय उलटली. वाहक गाय आणि वाहक वळू एकत्र आले की चारातला एक गर्भ जातो, आणि होल्स्टिनचे रक्त जसजसे वाढेल तसतशी ही गाठ पडायची शक्यता वाढते. म्हणून कांडी घेताना विचारा: वळू आनुवंशिक दोषांसाठी तपासलेला आहे का? आपल्या रेतन केंद्रांच्या किमान मानकांत बीएलएडी, सिट्रुलिनेमिया, डम्प्स यांसारख्या दोषांची आणि ब्रुसेलोसिस, क्षय, आयबीआर अशा रोगांची तपासणी आहे. गावातल्या फिरत्या वळूची यातली एकही झालेली नसते.

त्यालाच जोडून: बापाची कांडी मुलीला भरली जाऊ नये. तसे झाले तर वासराच्या जनुकांच्या चारातल्या एका जोडीत दोन्ही प्रती एकाच पूर्वजाच्या येण्याची शक्यता असते, आणि याचा पहिला फटका प्रजननाला बसतो. सावत्र भावंडांत हे प्रमाण १२.५ टक्के. वहीत बापाचा क्रमांक असेल तर हे टाळायला एक मिनिटही लागत नाही.

भरवायची वेळ आणि भरवायचा महिना

चांगल्या जनुकांची कांडीही चुकीच्या वेळी भरली तर वाया जाते. काचेसारखा स्वच्छ सोट (माजात योनीतून येणारा चिकट स्राव), दुसरीला अंगावर घेऊन स्थिर उभे राहणे, ही खरी खूण. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी रेतन. उन्हाळ्यात माज रात्रीच येऊन जातो, म्हणून रात्री दहाला आणि पहाटे पाचला गोठ्यात एक फेरी मारा. सोटात पू किंवा गढूळपणा असेल तर त्या माजाला भरवू नका, डॉक्टरांना दाखवा. व्याल्यावर पहिले ६० दिवस सोडा.

सोलापूरसाठी महिना फार महत्त्वाचा. नोव्हेंबर ते जानेवारीत भरवलेली गाय २८० दिवसांनी ऑगस्ट ते ऑक्टोबरात व्यायते. मग ६० ते ९० दिवसांनी पुन्हा भरवायची वेळ येते तेव्हा पुन्हा थंडीच असते, आणि सप्टेंबरच्या पावसावरचा हिरवा चाराही हाताशी असतो. एकदा हे चक्र बसले की टिकते. थंडीत दूध जास्त झाले की दर पडतो हे खरे, पण गाभण न राहिलेल्या गाईचे नुकसान त्याहून मोठे. एप्रिल-मेमध्ये भरवावेच लागले तर पुढचा आठवडा तिला सावली, पंखा, अंगावर पाणी द्या. गर्भाला उष्णता सर्वांत जास्त बाधते ती याच दिवसांत. देशी रक्ताचा गर्भ उष्णता जास्त सोसतो.

तीनदा उलटली तर चौथी कांडी भरू नका. तपासणी, खनिज मिश्रण, गर्भाशयाचा उपचार, आणि मग वेगळ्या वळूची कांडी.

कालवड

लिंगनिर्धारित कांडीने सुमारे ९० टक्के कालवडी मिळतात, पण तिच्यात शुक्राणू कमी असल्याने गाभण राहण्याचे प्रमाण साध्या कांडीपेक्षा कमी पडते. म्हणून ती तुमच्या सर्वांत चांगल्या कालवडींना आणि नेमाने फळणाऱ्या गाईंना, थंडीत. उलटणाऱ्या गाईवर ती महागडी कांडी घालू नका.

संकरित कालवड वय बघून नव्हे, वजन बघून भरवा: २५० किलोच्या पुढे. पहिल्या वेताला सहज व्यायणाऱ्या वासरांचा वळू निवडा, लहान चणीच्या कालवडीला जर्सी बरी. चार ते आठ महिन्यांच्या वयात ब्रुसेलोसिसची लस चुकवू नका. आणि जुळ्यात कालवडीबरोबर खोंड जन्मला असेल, तर ती कालवड कितीही देखणी दिसो, दहातल्या नऊ वेळा वांझ निघते. बापाचे नाव कितीही मोठे असले तरी डॉक्टरांकडून तपासून घेतल्याशिवाय तिच्यावर दोन वर्षांचा खुराक खर्च करू नका.